ऑरेंज वाइनची ओळख करून घ्यायची तर

सुरुवात वाइनच्या दुकानापासून नको, बाजारापासून करा. उन्हाळ्याच्या तोंडाला अथणीकडची द्राक्षं बेळगावात येतात, तेव्हा थोडी घ्या. कुठे बेंगलोर ब्लू दिसली तर तीच बरी, तिची साल जाड असते. एक द्राक्ष तोंडात घालून गर गिळून टाका आणि साल तेवढी दाढेखाली धरून सावकाश चावा. गोडवा लगेच सरतो. मग आंबूस, मग किंचित कडू लागतं आणि शेवटी जीभ कोरडी पडून हिरड्या आवळून येतात. ही तुरट पकड ज्याला आवडली त्याला ऑरेंज वाइन आवडणार, हे मी छातीठोकपणे सांगतो.

कारण ही वाइन सालीची आहे. संत्र्याचा तिच्याशी काही संबंध नाही. व्हाइट वाइन करताना हिरवी द्राक्षं दाबून रस लगेच वेगळा काढतात. रेडमध्ये काळ्या द्राक्षांचा रस सालीसकट आंबवतात. इथे हिरव्या द्राक्षांनाच रेडची वागणूक मिळते: रस सालींवर काही दिवस, कधी कधी काही महिने मुरतो. रंग, वास आणि तुरटपणा आणणारं टॅनिन, सगळं त्या मुरण्यात येतं. चहाची पत्ती पाण्यात जितकी जास्त वेळ राहील तितका चहा कडक, तसंच हे.

माझं आजोळ अथणी तालुक्यातलं. तिथे बेदाण्याच्या शेडवर घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर पसरतात. त्याने सालीवरचा मेणचट थर सुटतो, आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते आणि पंधरवड्यात बेदाणा तयार होतो. पसरण्याआधी मामा एखादा मणी अंगठ्याने चोळून बघायचा, साल कुठे चिरली तर नाही ना. गराकडे त्याचं लक्षच नसायचं. म्हणून मला ही वाइन पहिल्यांदा कळली तेव्हा परकी वाटली नाही.

ती कुठली, हे थोडं समजून घ्या. दुकानात बाटली निवडताना उपयोगी पडतं. जॉर्जिया देशातल्या काखेती भागात द्राक्षांचा रस साली-बियांसकट क्वेव्री नावाच्या मोठ्या मातीच्या रांजणात भरतात. रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, आतून मधमाशीच्या मेणाने सारवलेला. तिथे पाच-सहा महिने सालींवर ठेवण्याची रीत आहे. ही पद्धत युनेस्कोने 2013 साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

दुसरं घर मला जास्त जवळचं वाटतं. इटलीच्या ईशान्य टोकाला, स्लोव्हेनियाच्या सीमेला चिकटून ओस्लाविया नावाचं गाव आहे. 1947 च्या तहात तिथली सीमा द्राक्षमळ्यांमधून आखली गेली. गाव इटलीत राहिलं, पण बऱ्याच घरांतली बोली स्लोव्हेनियनच राहिली. एकाच टेकड्यांवरचं एकच द्राक्ष इकडे रिबोल्ला जाल्ला, तिकडे रेबुला. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून आपण जे जगतो आहोत, त्यामुळे सीमाभागातल्या माणसाला हे फोड करून सांगायला नको. याच गावात 1990 च्या दशकात स्टांको राडिकॉन आणि यॉश्को ग्राव्नर या दोघा वाइन करणाऱ्यांनी रस पुन्हा सालींवर ठेवायला सुरुवात केली. जुनी माणसं तसंच करायची. ग्राव्नर पुढे जॉर्जियाला जाऊन आला आणि 2001 पासून आपली वाइन मातीच्या रांजणात आंबवू लागला.

आता खरेदी. बेळगावात सहसा मिळत नाही. बंगळूर किंवा गोव्यातल्या परदेशी वाइन ठेवणाऱ्या मोठ्या दुकानांत विचारा. लेबलवर ‘ऑरेंज’ असेलच असं नाही. ‘अंबर’, ‘स्किन कॉन्टॅक्ट’, ‘क्वेव्री’ हे शब्द शोधा. पिनो ग्रिजिओ या द्राक्षाची तांबूस वाइन असेल तर ‘रामातो’ लिहिलेलं असतं, आणि पहिल्या बाटलीला तीच घ्या. ती सालींवर थोडाच वेळ असते, त्यामुळे जिभेला झेपते. एकदम सहा महिने मुरलेल्या रकात्सितेलीवर, म्हणजे जॉर्जियातल्या हिरव्या द्राक्षाच्या वाइनवर, उडी मारू नका. गोव्याहून आणायची तर राज्याबाहेर बाटली नेण्याचे एक्साइजचे नियम आधी विचारा, परवाना लागत असेल तर काढा आणि बिल जवळ ठेवा.

सगळ्यात जास्त नासाडी फ्रीजमुळे होते. बर्फगार ऑरेंज वाइन म्हणजे नुसता कडवटपणा, वास गायब. 12 ते 14 अंश हवी. फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा. पावसाळ्यातल्या बेळगावात थोडं जास्त. बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा, म्हणजे गाळ खाली बसेल. गढूळ दिसली तरी घाबरायचं कारण नाही. ग्लास पोटाला रुंद असावा आणि तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरू नये.

पहिल्या घोटाला कोणीतरी विचारतंच, “खराब झालीया काय रे ही?” लगेच उत्तर देऊ नका. वीस मिनिटं ग्लासात राहू द्या. मग वाळलेला जर्दाळू, संत्र्याची सुकी साल, मध, अक्रोड असे वास एकेक करून येतात. खरंच खराब असेल तर व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा झणका नाकात जातो. दुसरा दोष फसवा आहे: वास ठीक, घोटही ठीक, पण गिळल्यावर थोड्या वेळाने तोंडात उंदराच्या बिळासारखा वास उरतो. ती बाटली ओतून द्या, हवा लागून सुधारत नाही.

आणि नुसती पिऊ नका. ही जेवणाची वाइन आहे, आपल्या जेवणाची तर खासच. शेंगदाण्याचं कूट घातलेली भरली वांगी आणि ज्वारीची भाकरी, सुकं मटण, पावसाळ्यात खानापूरच्या रानातली अळंबी मिळाली तर ती फक्त तेल-लसणावर परतून. तेल, कूट आणि खोबरं तुरटपणा मऊ करतात आणि तुरटपणा तोंड स्वच्छ करतो. पांढरा रस्सा अप्रतिम जमतो. तांबडा मात्र टाळा. टॅनिनने तिखट आणखी पेटतं आणि दोन्हींची चव जाते. कुंदा तर अजिबात नको, गोडापुढे ही वाइन आंबटढोण लागते.

सगळी एका रात्रीत संपवू नका. बूच लावून फ्रीजमध्ये ठेवलेली बाटली दोन-तीन दिवस छान टिकते. टॅनिनमुळे ती साध्या व्हाइटपेक्षा चिवट असते. दुसऱ्या दिवशी ती बहुतेक वेळा जास्त मोकळी लागते. रामातो आवडली की पुढची बाटली काखेतीची घ्या आणि त्यानंतर ओस्लावियाची रिबोल्ला. ती महाग पडते, म्हणून चौघांनी वर्गणी काढा, रविवारी दुपारी मटण शिजत घातलं की लगेच उघडा, आणि जेवण वाढेपर्यंत कोणाला ग्लासाला हात लावू देऊ नका.