रोजच्या गाडीसाठी परफॉर्मन्स ब्रेक पॅड: निवड तापमान बघून करा

ब्रेक पॅड म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर (तबकडीवर) दाबली जाणारी घर्षणाची पट्टी. नवं पॅड शोधायला लागण्याआधी एक चाचणी करा. मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर, मागे कोणी नाही हे आरशात बघून, ताशी ६० किलोमीटरवरून ब्रेक पूर्ण जोराने दाबा. पायाखाली एबीएसची (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थडथड जाणवली, तर सध्याच्या पॅडमध्ये चाकं जाम करण्याइतका दम आहे. थांबायचं अंतर इथून पुढे टायर ठरवतो. अशा गाडीला कितीही भारी पॅड लावलं तरी त्या एका थांब्यात फारसा फरक पडणार नाही. टायर जुने, कडक झालेले असतील तर पैसे आधी तिकडे घाला.

मग परफॉर्मन्स पॅड कशासाठी? पहिल्या थांब्यासाठी नव्हे, आठव्या-नवव्या थांब्यासाठी.

१३०० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवली की साधारण ५०० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. वजन पुढे झुकत असल्यामुळे त्यातला सुमारे ७० टक्के वाटा पुढचे ब्रेक उचलतात, म्हणजे पुढच्या एकेका डिस्कवर १७५ किलोज्यूल. सहा किलोची बिडाची डिस्क तेवढ्याने साधारण ६० अंश सेल्सिअसने तापते. एकदाच थांबलात तर काहीच नाही, दोन-तीन मिनिटांत वारं ते काढून नेतं. पण ताशी १४० वरून थांबलात तर उष्णता जवळजवळ दुप्पट, कारण वेगाचा वर्ग होतो. आणि ५०० मीटर उंचीचा घाट नुसत्या ब्रेकवर उतरायचा म्हटलं तर इंजिन आणि वाऱ्याचा विरोध सोडून ६४०० किलोज्यूलच्या घरात जातं. म्हणजे ताशी १०० वरून बारा-तेरा थांबे, तेही मध्ये थंड व्हायला उसंत न देता. घाटात खालचा गिअर टाकायला सांगतात ते यासाठीच, आणि तो उपाय कुठल्याही पॅडपेक्षा स्वस्त आहे.

नेमकं काय बिघडतंय ते पायाला विचारा

ब्रेक ‘गेले’ असं सगळेच म्हणतात, पण ते दोन वेगळ्या प्रकारांनी जातात आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

पेडल नेहमीसारखं घट्ट आहे, तुम्ही जोर लावताय, पण गाडी पुढे सरकत राहते आणि करपट वास येतो: हे पॅडचं फेड. पॅडमधलं रेझिन (घटक बांधून ठेवणारा पदार्थ) मर्यादेपलीकडे तापलं की घर्षण घसरतं. इथे पॅड बदलून फायदा होतो.

पेडल स्पंजसारखं मऊ होऊन खाली जातं, दोनदा पंप केल्यावर थोडं वर येतं: हे ब्रेक ऑइल उकळल्याचं लक्षण. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. इथे पॅड बदलून उपयोग शून्य. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि डॉट ४ या प्रतीच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू ताजा असताना २३० अंश असला तरी ३.७ टक्के पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंशच आहे. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. दोन वर्षांपेक्षा जुनं ऑइल असेल तर आधी ते बदला. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. नाव सारखं वाटलं तरी ते इतरांत मिसळायचं नाही आणि एबीएसच्या गाडीत घालायचं नाही.

आलेखाचा डावा कोपरा

जाहिरातीत मोठ्या अक्षरात कमाल तापमान लिहिलेलं असतं. रस्त्यावरच्या गाडीला त्या आकड्याचं फारसं देणंघेणं नाही. शहरात आणि साध्या महामार्गावर डिस्क बहुतांश वेळ १०० ते २०० अंशांच्या आसपास असते, आणि सकाळी गाडी बाहेर काढताना तर हवेइतकीच थंड. निव्वळ ट्रॅकसाठी केलेलं पॅड या तापमानात पकडतच नाही. फाटकातून बाहेर पडल्यावर पहिल्याच वळणावर कोणी आडवं आलं, तर तिथे लागते ती थंडपणीची पकड. तीच नसेल तर ८०० अंशांची क्षमता घेऊन काय करायचं?

म्हणून विक्रेत्याकडे किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात घर्षणांक आणि तापमान यांचा आलेख मागा आणि आधी त्याचा डावा कोपरा बघा. ५० अंशांनाच रेघ ०.३५ ते ०.४५ च्या दरम्यान असेल आणि पुढे ४००-५०० अंशांपर्यंत फार वरखाली होत नसेल, तर ते रस्त्याचं पॅड. डावीकडे रेघ खाली लोंबत असेल आणि २०० नंतर चढत असेल, तर ते दुसऱ्या कामाचं. उंच रेघेपेक्षा सपाट रेघ चांगली, कारण पाय जेवढा दाबाल तेवढेच ब्रेक लागतात, गरम असोत वा थंड. एकाच कंपनीत दोन्ही जाती मिळतात: हॉकचं एचपीएस रस्त्यासाठी, तर डीटीसी-६० ट्रॅकसाठी. खोका तसाच दिसतो म्हणून फसू नका.

पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर इंग्रजी अक्षरांची जोडी छापलेली असते: ईई, एफएफ, जीजी. पहिलं अक्षर थंड घर्षणाचं, दुसरं गरम. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. मात्र ही चाचणी पॅडच्या छोट्या तुकड्यावर यंत्रात होते आणि तिथलं ‘थंड’सुद्धा ९० अंशांच्या पुढचंच. ढोबळ चाळणी म्हणून ठीक, दोन एफएफ पॅडमध्ये सरस कोणतं ते यावरून कळत नाही. वर्तुळात ई हे अक्षर (वरच्या घर्षणाच्या ई शी त्याचा संबंध नाही) आणि शेजारी ९०आर असा शिक्का असेल तर तो जास्त कामाचा: पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के इकडेतिकडे असल्याची ती मान्यता असते. रोजच्या गाडीला परफॉर्मन्स पॅड घेताना हा शिक्का असलेलंच घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत.

कशापासून बनलंय

ऑरगॅनिक पॅड शांत, डिस्कला सौम्य, पण उष्णतेला लवकर हार मानतं. सिरॅमिक पॅड शांत असतं, त्याची धूळ फिकट आणि कमी, घडाघडा झिजत नाही. सुरुवातीचा चावा, म्हणजे पाय टेकताच लागणारी पकड, मात्र जरा मवाळ. लो-मेटॅलिक (थोडा धातू मिसळलेल्या) पॅडचा पहिला चावा कडक, गरमपणी भरवशाचं, आणि त्याची किंमत म्हणजे अलॉय व्हीलवर काळी धूळ. त्या धुळीत लोखंडाचे कण असतात, ते ओले राहिले की गंजून चिकटतात, म्हणून चाकं आठवड्याला धुवावी लागतात. सेमी-मेटॅलिक जड वापराला टिकतं पण आवाज करतं आणि डिस्क जास्त खातं. सिंटर्ड (धातूची भुकटी तापवून घट्ट केलेलं) पॅड साध्या गाडीसाठी विसरा.

रोज शहर आणि महिन्यातून एखादा घाट असा वापर असेल तर चांगलं सिरॅमिक पुरतं. भरलेली गाडी घेऊन डोंगरात नेहमी जाणं असेल, किंवा गाडी जड आणि जोमदार असेल, तर लो-मेटॅलिक. वर्षातून दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्यांनी दोन संच ठेवावेत. दोन्हीकडे चालणारं पॅड शोधत बसलात तर दोन्हीकडे अर्धवट मिळेल. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत बराचसा ब्रेक मोटरच लावते, पॅड थंडच राहतात आणि डिस्क गंजते. तिथे थंड पकड आणि शांतपणा एवढंच बघा.

पुढे आणि मागे काय लावायचं, हा मुद्दा लोक पटकन सोडून देतात. फक्त मागे जास्त घर्षणाचं पॅड कधीही नाही. जोरात ब्रेक लावताना मागची चाकं आधी जाम झाली तर गाडीची शेपटी फिरते. फक्त पुढे लावलं तर गाडी सरळ राहते, पण पुढची चाकं लवकर एबीएसला जातात आणि मागच्या टायरची पकड वाया जाते. चारही डिस्क असतील तर पुढे-मागे एकाच जातीचं घ्या. मागे ड्रम असतील तर पुढे मूळ पॅडपेक्षा एकच पायरी वर जा.

बसवताना

डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने मोजा, त्याच्या जवळ आली असेल तर नव्या पॅडसोबत नवी डिस्क. जुनी ठेवणार असाल तर आधीच्या पॅडचा थर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा, कारण एका जातीच्या थरावर दुसऱ्या जातीचं पॅड नीट बसत नाही. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. हबचा (डिस्क ज्यावर बसते त्या भागाचा) चेहरा तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करा. तिथला गंजाचा एक पापुद्राही डिस्क तिरकी बसवतो, आणि डिस्कचं डगमगणं साधारण ०.०५ मिलिमीटरच्या आत हवं.

पिस्टन (पॅडला डिस्कवर दाबणारा दट्ट्या) मागे ढकलण्याआधी ब्रेक ऑइलच्या डबीत किती जागा आहे ते बघा, नाहीतर ऑइल वर येऊन रंगावर सांडतं आणि रंग उतरवतं. मागे इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर स्कॅनरने सर्व्हिस मोड लावल्याशिवाय क्लॅम्प लावू नका, आतली मोटर-स्क्रूची यंत्रणा मोडते. काही मागचे पिस्टन फिरवत आत घालावे लागतात. कॅलिपर (पिस्टन आणि पॅड धरणारा भाग) ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत सोडायचा नाही, तारेने टांगा.

काढलेली जुनी पॅड फेकण्याआधी शेजारी ठेवून बघा. आतलं संपलंय आणि बाहेरचं निम्मं शिल्लक, किंवा एकच पॅड पाचरीसारखं तिरकं झिजलंय, तर कॅलिपरची सरकती पिन अडकली असण्याची शक्यता मोठी. ती साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पेट्रोलियम ग्रीस रबराचं बूट फुगवतं आणि पिन पुन्हा जाम होते. पॅडचे कान आणि ते बसतात त्या क्लिपा साफ करा, पॅड हाताने सरकलं पाहिजे. चाकाचे नट टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने. आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. हे विसरलात तर पहिल्या दाबाला पेडल जमिनीला टेकेल.

बेडिंग

बेडिंग म्हणजे नवं पॅड डिस्कवर रुळवणं. पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर चढला की खरी पकड येते. कंपनीची पद्धत दिली असेल तर तीच पाळा. नसेल तर मोकळा रस्ता गाठा: ताशी ५० वरून पाच-सहा हलके ब्रेक, मग ताशी ८० वरून १५ पर्यंत आठ ते दहा कडक ब्रेक, एबीएस लागायच्या जरा अलीकडे, दोन ब्रेकांत अर्धा मिनिट. मधेच ब्रेकची पकड थोडी घसरली, वास किंवा किंचित धूर आला तर घाबरू नका, नव्या रेझिनचा वायू बाहेर पडतोय. त्यानंतर दहा मिनिटं ब्रेक जवळजवळ न लावता गाडी फिरवा.

या सगळ्यात पूर्ण थांबायचं नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभे राहिलात तर त्या जागी पॅडचा छाप उमटतो, आणि पुढे ब्रेक लावताना स्टीअरिंग थरथरतं. ‘डिस्क वाकली’ म्हणतात ती बहुतेक वेळा हीच: थराचा किंवा जाडीचा ०.०१-०.०२ मिलिमीटरचा फरक. थरथर नुकतीच सुरू झाली असेल तर बेडिंग पुन्हा करून बघा, अनेकदा जाते. तशीच महिनोन्महिने चालवली तर जास्त तापणाऱ्या ठिपक्यांवर बीड कडक होतं, मग डिस्क बदलण्याला पर्याय उरत नाही.

पहिले काही दिवस हलकी करकर चालते. सततची किंचाळी असेल तर पॅडच्या पाठीची शिम (पातळ पत्री) राहून गेली का ते बघा. घर्षणाचा थर ३ मिलिमीटरवर आला की संच बदला. पातळ पॅड पिस्टनपर्यंत उष्णता लवकर पोचवतं, आणि मग ऑइल उकळायला घाटाचा अर्धा उतारही पुरतो.