पेटी सुटली, मेल अडकला

"गो, मुंबयच्या गिऱ्हायकाक मेल मेळूक नाय!" एप्रिलमध्ये हे वाक्य आमच्या पडवीतून आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे. ऑर्डरी, पावत्या, पेटी कुठल्या गाडीत घातली त्याची खबर, सगळं माजघरातल्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवरच्या पोस्टफिक्समधून, म्हणजे मेल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, जातं. मेल पोचला नाही की सासऱ्यांना वाटतं मशीन बिघडलं. मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. मेल मधल्या कुठल्यातरी थांब्यावर बसलेला असतो. तो थांबा सापडेपर्यंत मेन डॉट सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंगच्या फाइलला हात लावायचा नाही, असं मी स्वतःला बजावलंय. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टर्मिनलवर अर्थात रोमनमध्येच टाइप करा.)

आधी अजून न गेलेल्या मेलची रांग बघा: पोस्टक्यू -पी. अडकलेल्या प्रत्येक मेलचा क्रमांक आणि त्याखाली कंसात कारण दिसतं. रांग रिकामी असेल तर मेलच्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, गिऱ्हाइकाचा पत्ता शोधा. ओळीच्या शेवटी स्टेटस असतं. 'सेंट' आणि पुढे 250 दिसलं, म्हणजे समोरच्या सर्व्हरने मेल ताब्यात घेतला. मग गिऱ्हाइकाला फोन करून स्पॅममध्ये बघायला सांगायचं, आपला सर्व्हर उसकटत बसायचं नाही. 'डिफर्ड' असेल तर नंतर पुन्हा प्रयत्न होणार आहे. 'बाउन्स्ड' म्हणजे संपलं. समोरच्याचा आकडा 4 ने सुरू झाला तर "आत्ता नको, नंतर ये", 5 ने सुरू झाला तर "येऊच नको". अनोळखी सर्व्हरला पहिल्या खेपेला मुद्दाम 4 चा आकडा देऊन परत पाठवणारेही असतात. तिथे काही करायचं नसतं, पोस्टफिक्स आपणहून परत जातो.

पण हा 'आपणहून' किती दिवस चालतो, ते माहीत असू द्या. मूळ सेटिंगप्रमाणे पोस्टफिक्स 5 दिवस प्रयत्न करतो आणि तोवर पाठवणाऱ्याला चकार शब्द कळवत नाही. 5 दिवसांत पेंढ्यातला आंबा पिकायला लागतो! म्हणून मी डिले_वॉर्निंग_टाइम (किती वेळाने पाठवणाऱ्याला कळवायचं) 1 तासावर आणि मॅक्सिमल_क्यू_लाइफटाइम (किती दिवस प्रयत्न करायचा) 2 दिवसांवर आणलाय. आंब्याचा धंदा नसेल तर 5 दिवस राहू द्या, समोरचा सर्व्हर शनिवार-रविवार बंद असू शकतो.

सगळ्याच पत्त्यांवर 'कनेक्शन टाइम्ड आउट' येत असेल तर दोष समोरच्यांचा नाही. घरगुती जोडणीवर बाहेर जाणारं 25 नंबरचं पोर्ट, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार, बरेचदा बंद ठेवलेलं असतं. आमच्याकडे ठरलेला, न बदलणारा आयपी पत्ता घेतल्यावर आत येणारे मेल सुरळीत आले, बाहेर जाणारे अडकले. उपाय म्हणजे रिलेहोस्ट: आपले मेल 587 नंबरच्या पोर्टवरून पासवर्ड देऊन रिलेच्या सर्व्हरकडे सोपवायचे, पुढचं तो बघतो. इथे दोन ठिकाणी मी आख्खी संध्याकाळ घालवलीय. एक, रिलेहोस्टचं नाव चौकोनी कंसात लिहिलंत तर पासवर्डच्या फाइलमध्येही ते कंस आणि पोर्टसकट हुबेहूब तसंच हवं, नाहीतर पासवर्ड सापडतच नाही. फाइल बदलल्यावर तिच्यावर पोस्टमॅप ही आज्ञा चालवायची, नाहीतर पोस्टफिक्सला बदल कळत नाही. दोन, एसएमटीपी_एसएएसएल_सिक्युरिटी_ऑप्शन्स मुळात साधा पासवर्ड पाठवू देत नाही. तिथे फक्त 'नोअनॉनिमस' ठेवा, आणि पासवर्ड उघडा जाऊ नये म्हणून एसएमटीपी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल 'एन्क्रिप्ट' करा.

आता 'रिले ॲक्सेस डिनाइड', म्हणजे "तुझा मेल मी पुढे पोचवणार नाही". हा निरोप दिसला की लोक घाबरून मायनेटवर्क्समध्ये, म्हणजे विनापासवर्ड मेल पाठवू द्यायच्या पत्त्यांच्या यादीत, वाट्टेल ते आकडे घालतात. मीही घातले होते. आधी नकार कोणी दिलाय ते बघा. लॉगच्या ओळीत 'पोस्टफिक्स/एसएमटीपीडी' असेल तर आपल्या सर्व्हरने नाही म्हटलंय, बहुधा फोनमधल्या मेल ॲपला पासवर्ड दिलेला नसतो. 'पोस्टफिक्स/एसएमटीपी' असेल, शेवटच्या 'डी'शिवाय, तर समोरच्याने आपल्याला नाकारलंय. एका अक्षराचा फरक, पण दुरुस्ती पार दुसऱ्या टोकाची.

माझी चूक अशी: घरातले फोन विनापासवर्ड चालावेत म्हणून मी मायनेटवर्क्समध्ये घरातला सगळा 192.168.1 चा पट्टा घातला. आमचा राउटर बाहेरून आलेली जोडणी आत पाठवताना तिच्यावर स्वतःचाच पत्ता, 192.168.1.1, चिकटवायचा. म्हणजे जगातला कोणीही पोस्टफिक्सला घरचाच माणूस वाटू लागला. सकाळी चहाचा कप हातात घेऊन रांग बघितली तर स्क्रीन थांबेचना, एकही पत्ता ओळखीचा नाही. दुपारपर्यंत रिले देणाऱ्यांनी खातं गोठवलं, आणि बरोबरच केलं त्यांनी. अशा वेळी थेट सगळं पुसू नका. पोस्टसुपर -एच ऑल ने रांग जागच्या जागी थोपवा, आपले खरे मेल शोधून कॅपिटल एच वापरून सोडा, मग उरलेले पुसा. त्या गर्दीत माझ्या चार पावत्या होत्या. मायनेटवर्क्समध्ये आता फक्त 127.0.0.0/8 आणि आयपीव्ही6 चा स्वतःचा पत्ता आहे, म्हणजे फक्त हे मशीन स्वतः. घरातला माणूस असो की मुंबईचा दिवटा दीर, पासवर्ड सगळ्यांना.

मेल जातो पण स्पॅममध्ये पडतो, तर डीएनएस, म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाखालच्या जाहीर नोंदी, बघा. रिले बदलला की एसपीएफमध्ये, म्हणजे आपल्या नावाने कोण मेल पाठवू शकतं त्या नोंदीत, त्याचं नाव घालायचं राहून जातं. डीकेआयएमची, म्हणजे मेलवरची सही तपासायची, 2048 बिटची किल्ली 255 अक्षरांत मावत नाही, ती अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून भरावी लागते. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल छोट्या पाठवणाऱ्यांकडूनही दोन्हींपैकी एक तरी मागतं.

आणि पावसाळ्यात, रात्रभर वीज गेल्यावर, सगळ्यात आधी टाइमडेटसीटीएल, म्हणजे मशीनची वेळ दाखवणारी आज्ञा. आमच्या जुन्या पायला स्वतःचं घड्याळ नाही. वीज येते तेव्हा टॉवर बंदच असतो, आणि नेट येईपर्यंत पाय मागच्याच वेळेत वावरतो. मग लॉगमधल्या वेळा जुळत नाहीत आणि मेलवर जुनी तारीख पडते.

काहीही बदललं की मी फोनचं वायफाय बंद करते, टर्मिनलच्या ॲपमधून मोबाइल डेटावर आपल्याच सर्व्हरच्या 25 नंबरला जाते आणि पासवर्ड न देता परक्या पत्त्यावर मेल पाठवून बघते. 'रिले ॲक्सेस डिनाइड' आलं, म्हणजे परक्यांना दार बंद आहे, की मगच सासऱ्यांना सांगते, "भाऊ, पाठवा पावत्या."