शेतावरची बालमजुरी मोजायला निघताना

इंदुरात शिकणाऱ्या मराठी मुलामुलींचं पहिलं फील्डवर्क सांवेर-देपालपुरात असो की घाट उतरून खरगोनच्या कापूसपट्ट्यात, घोळ एकाच प्रश्नापाशी होतो. “बच्चा काम करता है क्या?” उत्तर येतं, “नहीं, पढ़ता है.” आईबाप खोटं बोलत नसतात. त्यांच्या लेखी काम म्हणजे मजुरी. घरच्या शेतातली निंदाई म्हणजे नुसता हातभार.

म्हणून ‘काम’ हा शब्द प्रश्नावलीतून काढाच. कामांची यादी वाचा आणि एकेकाला हो-नाही घ्या: निंदाई, सोयाबीनची कापणी, कापूस वेचणं, लावणीसाठी लसणाच्या पाकळ्या सुट्या करणं, गुरं राखणं, पाखरं हाकणं, फवारणीला पाणी आणणं. बारा-पंधरा कामं पुरतात. टांझानियातल्या एका प्रयोगातही उत्तर कोण देतं यापेक्षा प्रश्न किती खोलात विचारला यानेच आकडे जास्त हलले.

फवारणीत तर “पंप कोण मारतं?” एवढ्यावर थांबूच नका. पंप बापाच्या पाठीवर असतो. पण औषध कालवणं, टाकी भरून देणं, रिकाम्या बाटल्या गोळा करणं पोराकडे असू शकतं. पाण्यात मिसळण्याआधीचं औषधच सर्वात जहाल.

तासांचा आकडाही थेट मागू नये. कालपासून मागे जात सात दिवस, एकेक दिवस विचारा. शाळेच्या आधी की नंतर? मोटरची लाइट आली तेव्हा कुठे होतीस? समजा, तेरा वर्षांची मुलगी “थोडा वेळ” म्हणते. खोदून विचारलं की शाळेआधी एक तास, नंतर दोन. सहा दिवसांचे अठरा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या जागतिक अंदाजांत १२ ते १४ वयासाठी आठवड्याला १४ तासांची रेघ आहे, म्हणजे ती बालमजुरीत मोजली जाते. आपल्या २०१६ च्या दुरुस्त कायद्यात मात्र १४ वर्षांखालच्यांना बंदी असली तरी शाळेनंतर आणि सुट्टीत घरच्यांना मदत करायची मुभा आहे. तेव्हा फॉर्मवर ‘बालमजूर: हो/नाही’ असा रकाना नकोच. वय, काम, तास, कुणासाठी, हे कच्चं टिपा. व्याख्या नंतर लावता येते, हुकलेले तास परत मिळत नाहीत.

वय १२ किंवा १४ असं गोल सांगितलं, किंवा आधार कार्डावर १ जानेवारी ही जन्मतारीख दिसली, तर मोठ्या-धाकट्या भावंडांवरून ताडून पाहा.

सात दिवसांचा प्रश्न जुलैत निंदाई पकडतो, ऑक्टोबरात सोयाबीन. मे महिन्यात यातलं काहीच हाती लागत नाही. त्यामुळे वर्षभराचा प्रश्न राखी, दिवाळी, होळीच्या खुणांनी जोडा. घराला कुलूप दिसलं की शेजारचं घर घेण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण मजुरीला बाहेर पडलेली कुटुंबं नेमकी अशीच गळतात. शेताच्या बांधावर पाल ठोकून राहणारे मतदारयादीत नसतात. घरांची यादी पायी फिरून नव्याने करा.

पर्यवेक्षकांनी रोज संध्याकाळी प्रत्येक सर्वेक्षकाचे सरासरी ‘हो’ पाहावेत. ‘नाही’ लिहिलं की पुढचे प्रश्न वगळले जातात, हे दोन दिवसांत सगळ्या सर्वेक्षकांना कळतं आणि ‘नाही’ वाढू लागतात.

मुलाशी बोलण्याआधी पालकांची संमती आणि मुलाचा होकार, दोन्ही हवेत. बोलताना मूल घरच्यांना दिसावं, पण ऐकू जाऊ नये. शेतमालक किंवा सरपंच जवळ असला तर विषय पिकांकडे वळवा आणि नंतर परत या. नाव फॉर्मवर न लिहिता वेगळ्या कागदावर ठेवा. मूल धोक्यात दिसलं तर कुणाला कळवायचं आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक कधी लावायचा, हे गावात जाण्याआधीच लेखी ठरलेलं असावं.