आधी घाट ठरवा, मग खोली: मे महिन्यात कोकण किनारा आणि चांदोलीचं जंगल

नकाशावर संगमेश्वर तालुका आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान एकमेकांना खेटून दिसतात. म्हणून गणपतीपुळ्याला खोली घ्यायची आणि एखाद्या सकाळी जंगल बघून जेवायला परत यायचं, असा बेत बरेच जण आखतात. मध्ये सह्याद्रीचा कडा आहे, हे नंतर लक्षात येतं. संगमेश्वरातल्या शृंगारपूरहून वर चांदोलीच्या हद्दीतल्या प्रचितगडावर जाता येतं ते पायी. गाडीला हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढावा लागतो. मग मलकापूर, कोकरूड, आरळा, आणि तेव्हा कुठे चांदोलीच्या दाराशी मणदूर-वारणावती. रत्नागिरीपासून चहापाण्यासकट चार तास धरा. म्हणजे जाऊन-येऊन आठ तास गाडीत, आणि जंगलात पोचायची वेळ भर दुपारची. त्या वेळी जनावरं सावलीत बसलेली असतात, उन्हात फक्त आपण.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी जंगल आणि तिथे नेणारा घाट, मग जंगलाजवळचा मुक्काम, आणि किनाऱ्यावरची गावं सगळ्यात शेवटी. किनाऱ्यावर एक गाव भरलं तर शेजारचं मिळतं. जंगलाच्या दाराशी खोल्याच मोजक्या असतात.

कुठला घाट, कुठलं जंगल

गुहागर-चिपळूण भागात राहणार असाल तर कुंभार्ली घाट चढून कोयनानगर. रत्नागिरी-गणपतीपुळ्याहून आंबा घाट आणि चांदोली. मालवण-देवगडकडून कणकवली, फोंडा, फोंडा घाट आणि वर लगेच दाजीपूर. चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा 2004 मध्ये मिळाला. 2010 मध्ये चांदोली आणि कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. दाजीपूरला तर 1958 पासून अभयारण्य आहे, ते गव्यांसाठी प्रसिद्ध. लहान मुलं किंवा घाटात हमखास उलटी होणारी मंडळी बरोबर असतील तर घाट चढूच नका. अलिबाग-मुरूड पट्ट्यातलं फणसाड अभयारण्य किनाऱ्यालाच आहे, सकाळच्या फेरीला पुरतं.

वाघ दिसेल या हिशोबाने यांपैकी कुठेही जाऊ नका. गवा, शेकरू, सांबर, पक्षी आणि दाट सदाहरित रान बघायला जा. मे महिन्याचा फायदा पाणवठ्यांचा. ओढे आटलेले असतात, त्यामुळे जनावरं उरलेल्या पाण्यावर येतात, पण ती भल्या पहाटे आणि सूर्य कलल्यावर.

तारखा

1 मेपासून चाकरमान्यांची गर्दी सुरू होते आणि शाळा उघडायच्या आठवड्यापर्यंत टिकते. त्यातही गर्दी शुक्रवार रात्र ते रविवार संध्याकाळ. सोमवारी निघून शनिवारी परत येणारा बेत आखला तर तीच खोली आरामात मिळते, भावही थोडा उतरतो.

शेवटचा आठवडा टाळा. मे संपता संपता किनाऱ्यावरचे जलक्रीडेचे खेळ आणि किल्ल्यांच्या होड्या पावसाळ्यासाठी बंद होतात. 1 जूनपासून मासेमारीही दोन महिने बंद. शिवाय पाऊस कॅलेंडर पाहून येत नाही. 2025 मध्ये तो 25 मे रोजीच देवगडपर्यंत पोचला होता. जंगलाची दारंही पावसाळ्यात बंद असतात. 5 ते 20 मे हा पट्टा सगळ्यात भरवशाचा. त्यात बुद्ध पौर्णिमा येत असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: त्या रात्री वनखातं मचाणावरून प्राणी बघण्याचा कार्यक्रम ठेवतं, त्यामुळे जंगलाजवळच्या खोल्या आधीच जातात. ज्यांना मचाण हवं त्यांनी याच तारखेभोवती सहल बांधावी, बाकीच्यांनी दोन दिवस पुढे-मागे सरकावी.

खोली घेताना फोनवर काय विचारायचं

फोटोतला समुद्र खरा असतो. खोलीतलं पाणी असेलच असं नाही. मे महिन्यात विहिरी तळाला जातात आणि गावात टँकर फिरायला लागतात. म्हणून पहिला प्रश्न पाण्याचा: विहीर, बोअर की टँकर, आणि दिवसभर नळाला येतं का? मचूळ पाणी असेल तर पिण्याचं वेगळं मिळतं का?

दुसरा प्रश्न छपराचा. स्लॅबच्या वरच्या मजल्यावरची पश्चिमेकडची खोली दुपारभर तापते आणि रात्री अकरापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहते. एसी असला तरी वीज गेली की संपलं. त्यापेक्षा कौलारू घरातली, माडा-पोफळीच्या सावलीतली खालची खोली बिनएसीची असली तरी झोप लागते. वीज गेल्यावर पंखे इन्व्हर्टरवर चालतात का, तेही विचारा.

तिसरा, गाडीचा. ‘पार्किंग आहे’ याचा अर्थ कधी कधी ‘देवळापाशी लावा आणि पाखाडीने चालत या’ असा असतो. आजी-आजोबा बरोबर असतील तर पायऱ्या किती, हे आकड्यात विचारा.

चौथा, जेवणाचा. घरगुती राहण्याच्या ठिकाणी जेवण सांगितलं तरच होतं. दुपारचं सकाळी नऊच्या आत, रात्रीचं दुपारी चारच्या आत सांगायची पद्धत बहुतेक ठिकाणी असते. साडेआठला उपाशी पोचून ‘पापलेट आहे का’ विचारलं तर पिठलं-भात मिळेल, तोही मेहेरबानीने. बऱ्याच घरांत फक्त शाकाहारी जेवण असतं. मासे हवे असतील तर खोली घेण्याआधीच बोलून ठेवा. मेअखेर वारा वाढतो, होड्या कमी जातात आणि मासळी महागते, म्हणून भाव ताटाचा ठरलाय की माशाप्रमाणे, तेही विचारून घ्या.

पैशाची गोष्ट. एमटीडीसीची निवासस्थानं गणपतीपुळे, वेळणेश्वर, हरिहरेश्वर, तारकर्ली आणि वर कोयनानगरलाही आहेत. सुट्टीतल्या शनिवार-रविवारसाठी ती सगळ्यात आधी भरतात. गणपतीपुळ्याला देवस्थानचं भक्तनिवास आहे. सरकारी निवासाच्या किंवा प्रसिद्ध हॉटेलच्या नावाने इंटरनेटवर बनावट पानं काढून आगाऊ पैसे उकळणारे मे महिन्यातच जास्त सापडतात. खोटं ओळखायची सोपी युक्ती: फोनवर ‘बस स्टँडवरून तुमच्याकडे कसं यायचं’ विचारा. खरा यजमान दुकानं, वळणं, पिंपळाचा पार सांगत सुटतो. खोटा माणूस ‘लोकेशन पाठवतो’ म्हणतो. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका, निम्मी पुरे. रद्द केल्यास किती परत, हे संदेशात लिहून घ्या.

एका मुक्कामी किमान दोन रात्री. रोज गाव बदलणारी सहल म्हणजे रोज सकाळी दहाला बॅगा भरणं आणि रोज दुपारी उन्हात पुढची खोली शोधणं.

रस्ता

मुंबईकडून निघताना पनवेल पहाटे साडेचारच्या आत सोडा. माणगावच्या बाजारपेठेत गाड्या तुंबतात. सातच्या आत ती ओलांडली तर दिवस हाताशी राहतो, नऊनंतर अडकलात तर दीड तास तिथेच जाऊ शकतो. रात्रभर गाडी चालवू नका. महामार्गावर काम चालू असलेल्या टप्प्यांत वळणरस्ते अचानक येतात, पांढरा पट्टा नसतो आणि समोरून ट्रॅव्हल्सचे दिवे डोळ्यांवर. कशेडीचा बोगदा झाल्यापासून पोलादपूर-खेड टप्पा सुटसुटीत झालाय, तिथे वाचलेला वेळ चिपळूणच्या नाश्त्याला द्या.

महामार्ग सोडून किनाऱ्याकडे वळताना टाकी भरून घ्या. आत पंप आहेत, पण विरळ. नेटवर्क गेलं की यूपीआयही जातं, म्हणून दोन-तीन हजार रोख, त्यातही सुटे, जवळ ठेवा. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. किनाऱ्यालगतच्या अरुंद रस्त्यावर तासाला 30 किलोमीटर धरा, घाटात 25. नकाशावरच्या वेळेत चौथा हिस्सा मिळवला की खरी वेळ येते.

गाडीत सात माणसं आणि सामान असेल तर चाकांतली हवा पूर्ण भाराच्या आकड्याइतकी करा. तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. ही हवा प्रवासाला निघण्याआधी, चाकं थंड असताना भरा. स्टेपनीची हवा तपासायला सगळेच विसरतात.

खाड्या ओलांडायला जंगलजेटी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट. दापोलीहून गुहागरला खेड-चिपळूणमार्गे शंभरेक किलोमीटर होतात, दाभोळ-धोपावे फेरीने अंतर जवळपास निम्म्यावर येतं. तवसाळ-जयगड फेरी गुहागर आणि गणपतीपुळ्याला जोडते. आगरदांडा-दिघी आणि वेश्वी-बागमांडला या वरच्या दोन. शेवटची फेरी किती वाजता, हे त्याच दिवशी सकाळी यजमानाला विचारा, आणि शेवटच्या फेरीवर कधीच अवलंबून राहू नका. ती चुकली तर अंधारात खाडीला वळसा. ओहोटीला बोट खाली बसते आणि रॅम्प तिरका होतो. बुटक्या गाडीचा पुढचा बंपर तिथेच घासतो. ड्रायव्हर सोडून सगळ्यांना उतरवा, गाडी किंचित तिरकी आणि अगदी हळू चढवा. बोटीवर गाडी गिअरमध्ये आणि हँडब्रेक वर.

भरतीची वेळ काढायला मच्छीमारांचा जुना हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट. आज पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास भरती, आणि तीही मोठी. गावागावात अर्धा-पाऊण तास पुढे-मागे होतो. हा हिशोब पोहण्यासाठीही वापरा, उतरत्या पाण्यात मुलांना सोडू नका. आणि गाडी पुळणीवर नेऊ नका. ओली वाळू वरून सिमेंटसारखी घट्ट दिसते, चाक फिरलं की खाली भुसभुशीत लागते. वर एक्सिलरेटर दाबला की चाक स्वतःचा खड्डा खणतं. भरती वर येते तेव्हा ट्रॅक्टरवाला सांगेल तो भाव.

घाट

निघायच्या आदल्या दिवशी घाट चालू आहे ना, हे विचारा. करूळ घाट 2024 मध्ये रुंदीकरणासाठी महिनोन्‌महिने बंद होता आणि फलक न वाचणारे वैभववाडीपर्यंत जाऊन परत फिरत होते.

चढताना इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करा. तरीही सरकला तर रुंद जागा पाहून थांबा, इंजिन थोडा वेळ नुसतं चालू ठेवा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, वाफेने हात भाजतो. उतरताना ज्या गिअरने चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. सतत ब्रेकवर पाय ठेवला की लायनर तापतात, जळका वास येतो आणि मग पेडल दाबूनही गाडी नीट थांबत नाही. वास आला की थांबा, वीस मिनिटं गार होऊ द्या, डिस्कवर पाणी ओतू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. एसटी वळणावर आपली बाजू सोडून बाहेर येते, कारण तिची लांबीच तेवढी आहे. त्यामुळे वळणाआधी हॉर्न आणि डाव्या अंगाला राहणं.

दुपारी चारनंतर सह्याद्रीच्या माथ्यावर ढग दाटले तर वळवाचा पाऊस येणार. पहिल्या सरीत रस्त्यावरची धूळ आणि तेल मिळून निसरडा थर होतो, तेव्हा ब्रेक हलके मारा. घाट दुपारी दोनच्या आत चढून मोकळं व्हा.

बेत

मुंबईकरांसाठी जमणारा फेरा असा. पहिला दिवस गुहागर, तिथे दोन रात्री. तिसऱ्या दिवशी हेदवी, वेळणेश्वर बघत तवसाळहून जयगडला, आणि गणपतीपुळे किंवा मालगुंडला दोन रात्री. गर्दी नको असेल तर मालगुंड. पाचव्या दिवशी सकाळी सातला निघून आंबा घाट, मलकापूर, आणि दुपारपर्यंत वारणावती. तिथे दोन रात्री, म्हणजे सहाव्या दिवसाची पहाट जंगलात सापडते. वारणावतीला सोय झाली नाही तर आंबा गावात राहा, हवा थंड असते, पण जंगलाच्या फेरीसाठी अंधारात निघावं लागेल. सातव्या दिवशी परत कोकणात उतरू नका. शिराळामार्गे पेठ नाका गाठा आणि पुणे-बंगळूर महामार्गाने पुण्यावरून घरी.

वनखात्याला आधी फोन करून चार गोष्टी पक्क्या करा: साप्ताहिक सुट्टीचा वार, स्वतःची गाडी आत नेता येते की त्यांचीच घ्यावी लागते, वाटाड्या आणि शुल्क, आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ. आधारकार्डं जवळ ठेवा. आत प्लास्टिक नको, भडक कपडे नकोत, आणि गवा रस्त्यात उभा असेल तर हॉर्न न वाजवता इंजिन बंद करून थांबा. तो पाच मिनिटांत जातो, घाई केली तर अंगावर येतो.

आंब्याची पेटी घ्यायची असेल तर घाट चढण्याआधी, रत्नागिरीकडेच घ्या, आणि अर्धकच्ची. ती डिकीत बंद ठेवली तर जंगलातल्या दोन दिवसांत उकडून निघते. रात्री खोलीत काढून ठेवा, दिवसा मधल्या सीटखाली, झाकण किंचित उघडं.