मृगाआधीची यादी: घर, अंगण आणि लांबडं

मृग लागायच्या आत आमच्या घरी दोन कामं उरकावी लागतात. गच्चीच्या भेगा बुजवायच्या आणि सापांची तयारी करायची. नाशिकच्या कडेला मखमलाबादच्या शिवारात राहायला आलो तेव्हा पहिलं काम माहीत होतं, दुसऱ्याचा पत्ता नव्हता. मागच्या भिंतीला लागून द्राक्षबाग, तिच्या पलीकडे पाट, पुढे कुणाची तरी कांद्याची चाळ. म्हणजे उंदीर, बेडूक, पाली, सगळं ताट वाढून ठेवलेलं. त्या पहिल्या पावसाळ्यात घरात-अंगणात मिळून चार साप निघाले आणि चारही वेळा गल्लीनं ‘नागच आहे’ असा निकाल देऊन टाकला. प्रत्यक्षात निघाल्या दोन धामणी, एक कवड्या आणि एक दिवड, चारही बिनविषारी. तेव्हापासून दर मे महिन्यात मी ही उजळणी करते. यंदा गल्लीत तीन नवी बिऱ्हाडं आलीत, म्हणून लिहूनच काढली. (आमच्या सासूबाई दिवेलागणीनंतर ‘साप’ म्हणत नाहीत, ‘लांबडं’ म्हणतात. त्यांच्यापुढे मीही तसंच म्हणते.)

सुरुवात फ्रिजच्या दारापासून करा. तिथे मार्करनं ठळक अक्षरात तीन नंबर लिहायचे: वनविभागाची हेल्पलाइन १९२६, रुग्णवाहिका १०८ आणि वनविभागाला माहीत असलेल्या जवळच्या सर्पमित्राचा मोबाइल. ‘माझ्या फोनमध्ये सेव्ह आहेत’ याला अर्थ नाही. साप निघतो तेव्हा घरात सासूबाई आणि शाळेतून आलेली मुलं असतात आणि माझा फोन माझ्याबरोबर कॉलेज रोडला. सर्पमित्राशी आधी एकदा बोलून घ्या, रात्री येतो का, यायला किती वेळ लागतो ते विचारा. साप गळ्यात घालून पोरांना सेल्फी काढू देणाऱ्याचा नंबर मात्र लिहू नका.

त्याच बसणीत दवाखान्यालाही फोन लावायचा. घरापासून सगळ्यात जवळ सर्पदंशाची लस (म्हणजे चावल्यावर विष उतरवायला देतात ते औषध) कुठे आहे आणि रात्री दोन वाजता ती देणारा डॉक्टर तिथे असतो का, हे मे महिन्यातच विचारून ठेवायचं. शहरात त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. गावाकडे असाल तर ग्रामीण रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. सरकारी ठिकाणी ही लस मोफत मिळते. ही अक्कल मला मागच्या मळ्यातल्या सालगड्याला पान लागलं तेव्हा आली. (साप चावला असं इकडची जुनी माणसं तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात.) त्याला गाडीत घालून आम्ही सगळ्यात जवळच्या खासगी हॉस्पिटलात नेलं. काउंटरवर नाव, वय, आधार कार्ड असं सगळं लिहून झाल्यावर आतून निरोप आला, लस नाही. पाऊण तास तिथेच गेला. नंतर सिव्हिलला नेलं, माणूस वाचला. आता मी फोनवर ‘लस मिळते का’ असं विचारतच नाही, त्याला सगळे हो म्हणतात. ‘आज स्टॉकमध्ये आहे का’ असं विचारते.

शेजारच्या काकांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, ‘ताई, लस आणून फ्रिजमध्येच ठेवली तर?’ नको, काका. ही लस घोड्याच्या रक्तातून तयार होते. काहींच्या अंगावर ती उलटते, दम लागतो, बीपी पडतं. म्हणून ती सलाइनमधून, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत देतात, आणि सुरुवातच आठ-दहा कुप्यांनी होते.

आता घर. रात्री सगळे दिवे घालवा. एकानं आत उभं राहून दाराच्या फटीवर टॉर्च मारायचा, दुसऱ्यानं बाहेर उकिडवं बसून बघायचं. जिथून उजेड बाहेर येतो तिथून कवड्या आत येतो. पहिल्या वर्षी आमच्या मागच्या दाराखालून टॉर्चचा उजेड थेट तुळशीवृंदावनापर्यंत पोचला होता. त्याला रबरी पट्टी लावली, खर्च एका पिझ्झ्याइतकासुद्धा नाही. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी, एसीच्या पाइपभोवतीच्या भोकाला सिमेंट, गॅलरीतल्या पाण्याच्या आउटलेटलाही जाळी. खिडकीला टेकलेली मधुमालती हातभर मागे छाटायची. तिच्यावर माझा फार जीव आहे, पण ती शिडी आहे. शिसपेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान साप सहज जातो, हे माप धरून घर एकदा पालथं घाला.

अंगणात बांधकामातून उरलेल्या विटा, फरशीचे तुकडे, ‘कधीतरी लागतील’ म्हणून ठेवलेले पत्रे असतात. ते काढा, पण हातानं उचलू नका. लांब काठीनं किंवा फावड्यानं आधी हलवा, मग थांबा, मग उचला. एप्रिल छाटणीच्या काड्यांचा ढीग बांधाला पडलेला असेल तर मळेवाल्याशी गोडीत बोलून तो हलवून घ्या, घोणशीला असली जागा फार आवडते. बागेवर पक्ष्यांसाठी टाकलेली नायलॉनची जाळी जमिनीवर लोळत ठेवू नका. त्यात साप अडकतो, ओढून काढायला जावं तर दोरे आणखी रुततात. अशा वेळी सर्पमित्र कात्रीनं एकेक धागा कापतो, ते काम त्याचंच.

आणि उंदीर. सगळं येऊन तिथेच थांबतं. सकाळी कबुतरांना ज्वारी टाकायची, रात्री कुत्र्याचं ताट अंगणात तसंच ठेवायचं आणि मग साप का येतो म्हणून विचारायचं. आमच्या गल्लीत ज्यांच्या दारात हे असलं पुण्यकर्म जोरात चालतं त्यांच्याकडेच साप जास्त निघतात. फिनाईल, रॉकेल, लसूण, गंधक, बाजारात मिळणारी ‘सर्परोधक’ पावडर यावर पैसे घालवू नका. कार्बोलिक अॅसिड तर अजिबात नको, ते पोरांच्या आणि मांजरांच्या अंगाला भाजतं, साप मात्र वळसा घालून येतो.

ओळखीच्या भागाला जरा वेळ द्यायला लागतो. माझं स्पष्ट मत आहे की ओळखायला शिकायचं ते दहा पावलांवर उभं राहून, आणि पकडायला नव्हे तर सोडून द्यायला. विषारी म्हणून चार लक्षात ठेवायचे: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. आपल्याकडची लस या चौघांवरच चालते. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या घाटाकडे राहणाऱ्यांनी झाडीत दिसणारा हिरवा चापडाही विषारी म्हणून लक्षात ठेवावा, पण शहराच्या कडेला हे चार.

नाग फणा काढतो तेव्हा प्रश्न उरत नाही, फण्याच्या मागे दहाचा आकडा दिसतो. पण फणा न काढता तो भिंतीकडेनं चालला असेल तर धामणीसारखाच तपकिरी दिसतो. धामण लांब, सहा-सात फुटांची, दिवसा फिरते, डोळे मोठे आणि ओठांच्या खवल्यांवर काळ्या उभ्या रेघा, जणू कुणी पेनानं आखल्यात. पळते इतकी की फोटो काढायच्या आत शेपटी उरते. ती गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते म्हणतात. सापाला दूध पचत नाही आणि सड चोखायला लागतात तसे ओठही नाहीत.

घोणस जाड, आखूड शेपटीची. पाठीवर साखळीसारख्या गोल-लांबट ठिपक्यांच्या तीन रांगा, डोकं त्रिकोणी. चिडली की कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जो फुस्कारा येतो तसा आवाज लांबवत राहते. तो आवाज आला की आहात तिथेच थांबा आणि मागे सरका. थंडीत सकाळी ती बांधावर उन्हाला येऊन पडते, त्यामुळे तिच्यासाठी ही यादी सप्टेंबरला संपत नाही. डुरक्या घोणस नावानं आणि ठिपक्यांनी फसवतो. तो बिनविषारी, त्याचे ठिपके वेडेवाकडे, शेपूट बोथट. पण हा फरक बघायला कुणी वाकू नये. फुरसं वीतभर-दीडवीत, माळावरच्या दगडांखाली, अंगावर अंग घासून करवतीसारखं खरखरतं. पांडवलेणीच्या किंवा चांभार लेणीच्या डोंगरावर चढताना दगडावर हात टेकायच्या आधी बघा.

खरा घोळ होतो तो कवड्या आणि मण्यार यांच्यात. दोघेही रात्रीचे, दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे. कवड्या तपकिरी, त्याचे पिवळट पट्टे मानेशी ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यार काळी-निळी, तेल लावल्यासारखी चकचकीत. तिचे पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीनं, मानेशी नसतात किंवा तुटक असतात आणि शेपटीकडे ठळक होतात. मात्र मण्यारीच्या पिल्लांमध्ये पट्टे पुढेही दिसू शकतात, म्हणून शंका आली की मण्यार समजायचं. भिंतीवर सरळ चढून ट्यूबलाइटमागे पालीच्या मागावर बसलेला बहुतेकदा कवड्या असतो.

मागच्या वर्षी सिलिंडरच्या मागे मला कात सापडली. सर्पमित्रानं ती वर्तमानपत्रावर पसरली आणि खिडकीशी नेली. आधी डोकं दाखवलं. डोळ्याच्या जागी बारीक काचेसारखी गोल टोपी असते, कारण सापाला पापणी नाही, डोळ्यावरचा तो पडदाही कातीबरोबर निघतो. मग त्यानं पाठीच्या मध्यरेषेवर नख टेकवलं. मण्यारीच्या तिथल्या खवल्या शेजारच्यांपेक्षा मोठ्या आणि षटकोनी असतात. आमच्या कातीत सगळ्या सारख्या होत्या. ‘कवड्या आहे ताई, झोपा निवांत,’ तो म्हणाला. कात ताणली जाते, त्यामुळे तिच्या लांबीवरून सापाची लांबी ठरवू नका; आमच्या यजमानांनी तेवढ्यात ‘चार फुटी’ असं गल्लीच्या ग्रुपवर टाकून दिलं होतं.

अजून एक, मांडूळ. नाशिककरांना दुतोंड्या म्हटलं की गोदाघाटावरचा मारुतीच आठवतो, पण या बापड्यालाही दुतोंड्या म्हणतात, कारण त्याची शेपूट डोक्यासारखी बोथट असते. बिनविषारी, मातीत राहणारा, उंदीर खाणारा. गुप्तधनाच्या नादानं याची लाखांत विक्री चालते. कुणी बघायला, वजन करायला आलं तर पोलिसांना कळवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, साप मारणं, पाळणं, विकणं यात गुन्हा आहे. तिकडे गोदावरीच्या पुराचं पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की पंचवटीकडच्या, काठावरच्या घरांत दिवड वाहून येतात. त्या चिडक्या असतात, चावतातही, पण विष नसतं.

झोपायची तयारी मण्यारीसाठी करायची. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी लावावी आणि तिच्या कडा गादीखाली खोचाव्यात. नुसती सोडलेली मच्छरदाणी डासालाही अडवत नाही. मण्यारीचा चावा दुखत नाही, डास चावला वाटून माणूस कूस बदलतो. पहाटे पोटात कळ, उलटी, घसा धरणं आणि मग पापण्या उघडेनाशा होतात. पावसाळ्यात पहाटे अशी पोटदुखी आणि जड पापण्या दिसल्या तर ‘रात्रीची मिसळ बाधली’ म्हणून ओवा देत बसू नका, खूण सापडली नाही तरी सिव्हिल गाठा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली, वर्षाला अठ्ठावन्न हजारांच्या आसपास, आणि त्यातली सुमारे निम्मी जून ते सप्टेंबरमध्ये. उशाशी टॉर्च, दाराशी चपला उलट्या करून झटकायची सवय, रात्री मळ्यात जाताना गमबूट. एवढं पुरे.

साप घरात दिसलाच तर एकानं लांबून त्याच्यावर नजर ठेवायची, फक्त बघायचं. बाकीच्यांनी इतर खोल्यांची दारं लावून खाली टॉवेल दाबायचे, कुत्रं बांधायचं, फ्रिजवरचा नंबर लावायचा. नजर हटली आणि तो कपाटामागे गेला की रात्र गेली. अंगणात असेल तर काहीच करू नका. वाट मोकळी ठेवा, तो जातो.

आणि पान लागलंच, तर अंगठ्या, बांगड्या, पैंजण आधी काढा, सूज चढल्यावर निघत नाहीत. हात किंवा पाय फळकुटाला सैल बांधून हलू देऊ नका, माणसाला आडवं करून न्या, वेळ लक्षात ठेवा. करकचून दोरी नको, ब्लेड नको, चोखणं नको, कडुनिंबाचा पाला नको, मांत्रिक तर नकोच. साप मारून पिशवीत घालून नेऊ नका. डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात. काचेच्या कोरड्या नळीत रक्त वीस मिनिटं ठेवून ते गोठतं का एवढं पाहिलं तरी घोणस-फुरशाचा अंदाज येतो. लांबून फोटो निघाला तर बरं, नाही तर नाही. चोवीस तास दवाखान्यात ठेवतो म्हणाले तर हुज्जत घालू नका.

यंदा आमचं बरंचसं झालंय. मागच्या दाराची पट्टी उंदरानं कुरतडली, ती बदलायचीय. कंपाउंडच्या भिंतीत पेरूच्या झाडामागे एक भोक आहे, गवंडी दोनदा विचारून गेला. ते मी तसंच ठेवलंय. बागेतली मोठी धामण तिथूनच येते-जाते.