जुन्या ट्रॅक्टरला मल्चर जोडताना पीटीओचा मेळ कसा घालावा

ऊस तुटून गेला की पाचट पेटवण्यापेक्षा मल्चरने त्याची कुट्टी करून रानातच ठेवलेली बरी. मल्चर भाड्याने मिळतो, पण घरचा ट्रॅक्टर जुना असला की गाडी पीटीओपाशी, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दातेरी शाफ्टपाशी, अडते. दुकानदार एक अ‍ॅडॉप्टर (न जुळणारे शाफ्ट जोडणारा तुकडा) हातात ठेवतो आणि सांगतो, "बसतोय बघा." बसतो खरा. पण दाते जुळवून भागत नाही. जोडाची लांबी आणि मल्चरच्या रोटरचा (पाचट कुटणाऱ्या फिरत्या भागाचा) जोर, दोन्ही बघावे लागतात.

शाफ्ट ओळखा. इंजिन बंद करा, किल्ली खिशात टाका, हँडब्रेक ओढा. पीटीओची टोपी काढून ग्रीस-चिखल पुसा, दाते मोजा आणि व्हर्नियरने बाहेरचा व्यास घ्या. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी 6 दात्यांचा, 35 मिमीचा, म्हणजे एक इंच तीन सूत शाफ्ट मिळेल. तो मिनिटाला 540 फेऱ्यांचा. फर्ग्युसन टीई-20 सारख्या फार जुन्या ट्रॅक्टरला दाते सहाच, पण व्यास एक इंच एक सूत; तिथे अ‍ॅडॉप्टर लागतोच. व्यास 35 मिमी आणि दाते 21 असतील तर तो शाफ्ट 1000 फेऱ्यांचा. 21 वरून 6 दात्यांवर आणणारा अ‍ॅडॉप्टर बाजारात सहज मिळतो, पण 540 चा मल्चर 1000 वर फिरवलात तर रोटरवरचा ताण जवळपास साडेतीन पट होतो. तो अ‍ॅडॉप्टर घेऊच नका.

अ‍ॅडॉप्टर निवडा. शाफ्टवर चढवून हाताने डावी-उजवीकडे हलवा. खडखड जाणवली तर दाते झिजलेत, आधी ते काम काढा. अ‍ॅडॉप्टर पिनने किंवा बोल्टने पक्का बसणारा हवा. लेथवर तुकडा जोडून वेल्डिंग मारून घेणे स्वस्त पडते, पण केंद्र केसभर हलले तरी थरथर सुरू होते आणि पीटीओचे बेअरिंग-सील जाते.

रोटरचा जोर अडवा. हे सर्वांत जास्त दुर्लक्षित. जुन्या सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरवर क्लच दाबला तरी पीटीओ आणि गिअरबॉक्स एकमेकांना जोडलेलेच राहतात. मल्चरचा जड रोटर फिरत राहतो आणि उलट तोच ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. बांधाजवळ किंवा विहिरीच्या कडेला हे जिवावर बेततं. उपाय म्हणजे ओव्हररनिंग क्लच: जोर ट्रॅक्टरकडून मल्चरकडे जातो, उलटा येत नाही. काही मल्चरच्या गिअरबॉक्समध्ये तो आधीच असतो. इंजिन बंद असताना मल्चरकडचा शाफ्ट हाताने फिरवून बघा. एका दिशेला मोकळा आणि दुसरीकडे रोटरसकट फिरला, तर तो आहे.

लांबी पुन्हा मोजा. अ‍ॅडॉप्टर आणि ओव्हररनिंग क्लच मिळून जोड काही इंचांनी मागे सरकतो. मल्चर लिफ्टवर हळूहळू वर-खाली करून दोन्ही शाफ्ट सर्वांत जवळ येतात ती जागा शोधा, मल्चरखाली टेकू द्या, इंजिन बंद करा आणि मग माप घ्या. त्या जागी कार्डनच्या (ट्रॅक्टर आणि मल्चर जोडणाऱ्या, एकमेकींत सरकणाऱ्या शाफ्टच्या) नळ्या तळाला टेकता कामा नयेत, इंचभर जागा उरलीच पाहिजे. नाहीतर लिफ्ट उचलताच गिअरबॉक्सवर घण बसतो. सर्वांत लांब ताणल्यावर नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश राहाव्यात. कापायचे तर आतली-बाहेरची नळी आणि दोन्ही गार्ड (वरची संरक्षक आवरणे) सारखेच कापा, कडा कानसून ग्रीस लावा. जोडताना दोन्ही टोकांचे आतले योक (सांध्याचे दुबेळके काटे) एका रेषेत ठेवा. चुकले तर क्रॉस (काट्यांमधला अधिक-चिन्हासारखा तुकडा) टिकत नाही.

गार्ड आणि तो धरून ठेवणारी साखळी लावाच. 540 फेरे म्हणजे सेकंदाला 9. नुसत्या शाफ्टचा घेर 11 सेंमी धरला तरी पदर किंवा उपरणे सेकंदाला मीटरभर गुंडाळले जाते. हात मारून सोडवायला वेळच मिळत नाही.

फेरे तपासा. जुन्या ट्रॅक्टरचा मीटर बहुधा बंद असतो. मल्चर जोडण्याआधी, इंजिन बंद असताना पीटीओच्या टोकाला चमकणारी पट्टी चिकटवा, मग चालू करून बाजूला उभे राहून डिजिटल टॅकोमीटर धरा. 540 दिसले की हँड थ्रॉटलवर ऑइलपेंटची खूण करा. त्यानंतर मल्चर जोडून रिकामाच पाच मिनिटे कमी फेऱ्यांवर चालवा. पहिल्या तासाभरात इंजिन बंद करून अ‍ॅडॉप्टरचा बोल्ट पुन्हा कसा आणि क्रॉसला ग्रीस द्या.