सारसाच्या चालीवरून सादरीकरण आणि पोशाख कसा घडवावा

निसर्गावरून सादरीकरण रचणाऱ्या कलावंताने कापडाला हात लावण्यापूर्वी एक जीव निवडावा आणि त्याची चाल अंगात भिनेपर्यंत त्याला पाहत राहावे, कारण पोशाख आधी शिवला तर शरीर त्या पोशाखाच्या सोयीने हलू लागते. गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेते) आणि माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वीच्या मालगुजारांच्या काळातले तलाव, हा महाराष्ट्रातील सारसांचा उरलेला मुख्य आसरा आहे. म्हणून येथे सारसाचेच उदाहरण घेतले आहे.

सारस उभा राहिला की जवळजवळ माणसाएवढा भरतो. निरीक्षण दूरच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दुर्बिणीने करावे. पावसाळ्यात त्याचे घरटे धानात किंवा पाणथळीत असते, तेव्हा त्या बाजूला फिरकूच नये. त्याचा जो गुडघा मागे वाकलेला दिसतो तो खरे तर घोटा असतो, त्यामुळे ती वाकण माणसाला जमणार नाही आणि तिची नक्कलही करू नये. घ्यायचा तो भाराचा क्रम: सगळे वजन एका पायावर स्थिरावल्याशिवाय दुसरा पाय उचलायचा नाही. एवढाच सराव पुष्कळ दिवस करावा. जोडीचे नृत्य, म्हणजे मान झुकवणे, पंख उघडणे आणि उडी घेणे, त्यानंतर घ्यावे.

पोशाखाला पिसे लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मनगटापासून कमरेपर्यंत जोडलेला जाड खादीचा अर्धगोल पदर हात उचलताच उघडतो, आणि तेवढे पुरते.

सारसाचा राखाडी रंग हिरड्यातून मिळतो. सुती कापड धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून धुवावे, कापडाच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी हिरड्याची पूड पाण्यात कालवून त्यात ते रात्रभर भिजवावे आणि न धुता वाळवावे. गंजलेले खिळे, गूळ आणि पाणी मडक्यात काही आठवडे ठेवून तयार झालेले लोहपाणी गाळून, पातळ करून, त्यात हे कापड क्षणभरच बुडवावे. हिरड्यातील टॅनिन (तुरट द्रव्य) लोहाशी मिळताच राखाडी छटा उमटते. लोह जास्त झाले तर सुताचा कस जातो, म्हणून कापड लगेच स्वच्छ पाण्यात खळखळून धुवावे.

पदराच्या आतील बाजूसाठी फाल्गुनात झाडाखाली पडलेली पळसफुले वेचावीत. झाडावरची फुले पक्ष्यांच्या मधासाठी राहू द्यावीत. कापडाच्या वजनाइतकी सुकी फुले स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर उकळून पाणी गाळावे आणि हिरडा व तुरटी दिलेले कापड त्यात भिजवावे. तुरटीने पिवळा रंग येतो, तर किंचित चुन्याने तो केशरीकडे झुकतो. हा रंग उन्हात टिकत नाही, त्यामुळे कापड सावलीतच वाळवावे आणि दर फाल्गुनात पुन्हा रंगवावे.

सादरीकरणासाठी दिवाळीनंतरचे मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस निवडावेत. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, तेव्हा दंडार हे लोकनाट्य आणि नाटके यांना गावोगावचे लोक जमतात आणि कापणी झालेल्या बांध्याही मोकळ्या असतात. शेतकऱ्याची परवानगी आधीच घ्यावी, प्रेक्षकांना दोन्ही धुऱ्यांवर बसवावे आणि धसकटांनी पाय कापू नयेत म्हणून चालीचा पट्टा आदल्या दिवशी विळ्याने साफ करून त्याच जागेवर तालीम घ्यावी.